मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या कौटुंबिक विकृती

एकाच घराण्यात आढळणारे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी) व मूत्राशय यांचे जन्मजात रचनादोष. एक मूत्रपिंड मुळातच नसणे, नालाकृती (घोड्याच्या नालासारखे एकमेकांना जोडलेले) मूत्रपिंड, दुहेरी मूत्रवाहिनी आणि मूत्राशयातील लघवी उलटी वर चढणे (प्रतिवाह) हे प्रमुख प्रकार. पॉलिसिस्टिक किडनी (मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या अनेक गाठी होणे) हा आनुवंशिक विकार बहुधा वेगळा गणतात.

उत्पत्ती : गर्भाच्या सुमारे पाचव्या आठवड्यात वुल्फ वाहिनीला (गर्भातील एका आद्य नलिकेला) मूत्रवाहिनीचा अंकुर फुटतो. तो शेजारच्या मध्यस्तरीय ऊतकात (ज्यापासून मूत्रपिंड घडते) शिरला की दोन्ही एकमेकांना वाढीस लावतात. दोष नेमका कोठे उद्भवतो, याविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार वाहिनीत अडथळा येऊन लघवी तुंबते व त्या दाबाने घडते मूत्रपिंड बिघडते. मॅकी व स्टीफन्स या संशोधकांनी १९७५ मध्ये दुहेरी मूत्रपिंडांच्या अभ्यासावरून असे मांडले, की अंकुर भलत्या जागी फुटल्यास वाहिनीचे मूत्राशयातील तोंड सरकते आणि वरचे टोकही योग्य ऊतकाला भिडत नाही. घरात एकाला प्रतिवाह, तर दुसऱ्याला एकच मूत्रपिंड असे का होते, याचा उलगडा या मताने अधिक नीट होतो. मात्र मुलग्यांच्या मूत्राशयाखालील मूत्रमार्गातील, लघवी अडवणाऱ्या झडपांच्या विकृतीत अडथळ्याचा वाटा नाकारता येत नाही.

आनुवंशिकता : पॅक्स-२, एचएनएफ-१बी, ईवायए-१ इ. जनुकांतील दोष बहुधा प्रभावी रीतीने, म्हणजे प्रत्येक अपत्यात निम्म्या शक्यतेने उतरतात. पण दोष असूनही लक्षण न दिसणारी माणसे पुष्कळ. बऱ्याच रुग्णांत एकच असा जनुक सापडतही नाही. पॅक्स-२ मध्ये दृष्टिदोष, ईवायए-१ मध्ये बहिरेपणा व एचएनएफ-१बी मध्ये तरुण वयातील मधुमेह सोबत असू शकतो. म्हणून चौकशी लघवीच्या तक्रारींपाशी थांबवू नये. प्रतिवाह असलेल्या मुलाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याहून अधिक भावंडांतही तो आढळतो. आईवडिलांची सोनोग्राफी केल्यास कधीकधी त्यांचेच एक मूत्रपिंड नसल्याचे प्रथम कळते.

बडोद्यातील मराठी कुटुंबे : येथील वैद्यकीय महाविद्यालय १९४९ मध्ये स्थापन झाले, सर सयाजीराव रुग्णालय त्याला जोडलेले आहे. गायकवाडी अमलात आलेल्या अनेक घराण्यांचे आप्त पुणे-साताऱ्याकडे विखुरलेले असल्याने विकृतीचा माग काढण्यासाठी लागणारा वंशवृक्ष एका शहरात पुरा होत नाही. छापील कुळवृत्तांत प्रामुख्याने पुरुषवंशाचे असतात. लेकी व त्यांची मुले त्यांतून गळतात. प्रभावी दोष मात्र मुलीकडूनही तितकाच उतरतो. काही मराठी जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत होता. त्याचा संबंध अप्रभावी (दोन्ही पालकांकडून दोष आल्यासच दिसणाऱ्या) विकारांशी अधिक.