पॅक घ्यायचा का केबल? थोडी मागची गोष्ट

बॅटरी उतरलेल्या गाडीला बाहेरनं करंट देऊन चालू करायला, म्हणजे जंप स्टार्टला, छोट्या बॅटरीचा पॅक घ्यायचा का दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची केबल, हा प्रश्न सातारा-सांगलीकडं चारचाकीवाल्यांत आता बऱ्यापैकी ऐकू येतो, पण पंधरा वर्षांमागं तो पडतच नव्हता. बॅटरी उतरली की चार माणसं गोळा करायची, दुसऱ्या गिअरला टाकून धक्का, वेग आला की क्लच सोडायचा, गाडी चालू. म्हणून जंप स्टार्टचा विषय समजून घ्यायचा तर हा धक्का कशामुळं मागं पडला ते आधी बघायला लागतं.

त्याच्याही आधी इंजिन हातानं फिरवायचं हँडल होतं. 1912 ला अमेरिकेत एका महागड्या मोटारीत इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि हँडल हळूहळू गेलं. आपल्याकडं मात्र ते लई दिवस टिकलं, अँबॅसेडरला बंपरमधनं हँडल घालायची सोय होती आणि कृष्णाकाठच्या मळ्यांत पाण्याच्या डिझेल इंजिनला हँडल मारणं हे तर घरातल्या पोरांनाही यायचं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही, नाहीतर इंजिन उलटं फिरलं की मनगट गेलंच.

खरा बदल झाला 2000 च्या सुमारास. प्रदूषणाचे नियम आले, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर गेला, कॉम्प्युटरनं पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. कार्बोरेटरच्या गाडीला ठिणगीपुरता करंट असला तरी धक्क्यावर चालायचं, पण इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळ्यांना व्होल्टेज लागतं, बॅटरी पूर्ण बसली असेल तर पोवई नाक्याच्या उतारावरनं सोडली तरी काही होत नाही. वर सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धक्के मारत बसलं तर न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो. मग 2014 ला छोट्या गाड्यांत एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप चालवणारी सोय, आली, घाटात क्लचची कटकट नको म्हणून लोकांनी ती भराभर घेतली, आणि ऑटोमॅटिकला तर धक्का चालतच नाही. एवढं झाल्यावर केबल डिकीत असायलाच लागते, पण ती तेव्हाही फार थोड्यांकडं होती.

पॅकचा बाजार उघडला तो 2020 च्या लॉकडाऊननं, असं माझं मत आहे. हिशोब साधा आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म मिळून 25 मिलीअँपिअर तरी ओढतात, म्हणजे दिवसाला 0.6 अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासाची. दोन महिन्यांत पूर्ण खाली. सगळ्यांच्या गाड्या एकदमच उतरल्या, बॅटरीवाले बंद, शेजाऱ्याची गाडी पण तशीच बसलेली, मग केबल असून उपयोग काय? तिथनं हातात मावणारे लिथियमचे पॅक घराघरात आले. त्याआधी गॅरेजमध्ये बूस्टर असायचे पण ते लेड-अ‍ॅसिडचे, उचलायला जड आणि सारखे चार्जिंगला लावायला लागायचे.

आता ज्यावर सगळा गोंधळ आहे ते डब्यावरचं आकडं. 2000 अँपिअर पीक (क्षणभराचा जास्तीत जास्त करंट), 18000 एमएएच (मिलीअँपिअर-तास) असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि लोक त्यावरच पैसे देतात. पॅकमध्ये बहुतेक वेळा 3.7 व्होल्टचे तीन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक जोडलेले, असतात. 18000 हा आकडा तिन्हींची बेरीज करून काढलेला, गाडीला मिळणाऱ्या साधारण 11 व्होल्टला तो पॅक 6 अँपिअर-तासाचाच. त्यातनं खरंच 2000 अँपिअर काढले तर कागदावरसुद्धा तो 11 सेकंदांत रिकामा होईल, आणि त्या बारक्या वायरा, ते छोटे चिमटे एवढा करंट नेणार कसे? पीक म्हणजे किती सेकंद, किती व्होल्टला, हे डब्यावर नसतंच. गाडीच्या बॅटरीवर जो सीसीए (थंडीत सेल्फ मारायची ताकद) आकडा असतो त्याला निदान अट आहे, उणे 18 अंशांत 30 सेकंद आणि व्होल्टेज 7.2 च्या खाली जाता कामा नये. पीकला असली कसलीच अट नाही, म्हणून दोन पॅकची तुलना त्यावरनं करणं मला चुकीचं वाटतं आणि हे दुकानात कुणीतरी सांगायलाच पाहिजे. छोट्या पेट्रोल गाडीच्या सेल्फला साधारण 100 ते 200 अँपिअर लागतात, बोलेरोसारख्या डिझेलला बरेच जास्त. चांगला पॅक पेट्रोल गाडी आरामात उठवतो. डिझेलसाठी घेताना मात्र किती लिटरच्या डिझेल इंजिनापर्यंत चालतो ते बघा, पीक सोडून द्या.

अजून एक. बॅटरी अगदीच शून्याला गेली असेल तर बरेच पॅक तिला ओळखतच नाहीत, मग बूस्टचं बटण दाबायला लागतं, आणि ते दाबलं की बऱ्याच पॅकमध्ये उलट जोडणीपासूनचं संरक्षण बंद होतं. लाल-काळा तेव्हा दोनदा बघावा.

केबलचाही दर्जा घसरलाच आहे. जाड रबराच्या आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, तेही बारीक, सेल्फ मारला की केबल गरम होते आणि गाडी हलत नाही. पेट्रोलला निदान 16 चौरस मिलिमीटर तांबं, डिझेलला 25 पाहिजे. आणि गळीत हंगामात रस्त्यावर उसाचे ट्रक भरपूर दिसतात म्हणून कुणी त्यांच्याकडनं करंट घेऊ नये, ट्रक 24 व्होल्टचा असतो, कारचं इलेक्ट्रॉनिक्स जळतं. ट्रॅक्टर 12 व्होल्टचा, तो चालतो. शेवटचा काळा चिमटा बसलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावायचा, कारण बॅटरीतनं हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथं नको.

कास पठारावर किंवा खंबाटकी घाटात रात्री एकटं असणाऱ्याला पॅकच बरा, यात वाद नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये मिरजेच्या उन्हात तो डॅशबोर्डवर ठेवू नये, बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापतं आणि लिथियमला ते सोसत नाही.

आता इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यात. त्यांनाही 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असून गाडी जागी होत नाही. तिथं सेल्फच नसल्यामुळं लहानात लहान पॅकही पुरतो. उलट इलेक्ट्रिक गाडीवरनं दुसऱ्याची गाडी चालू करायला बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये मनाई करतात, म्हणजे शेजारी इलेक्ट्रिक गाडीवाला असेल तर तुमची केबल लावायची कुठं हा प्रश्न येणारच.