तक्ता मागवण्याआधी: तुटीचे आकडे जुळत का नाहीत
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे ठरावीक निरोप सुरू होतात. "तुमचा तुटीचा आकडा चुकलाय, पेपरात वेगळा आलाय." "आधीच्या तक्त्यात तुम्हीच ३.३ दिलं होतं, आता ४.६ कुठून आलं?" केंद्र आणि राज्याच्या अर्थसंकल्पांचे तक्ते, आलेख आणि मराठी टिपणं तयार करून देणं हाच आमचा धंदा. त्यामुळे अशी तक्रार आली की हातातलं काम बाजूला सारून मूळ कागद काढावे लागतात. बहुतेक वेळा निघतं काय, तर दोन्ही आकडे बरोबर, फक्त रकाने वेगळे. तोवर कुणाच्या क्लासच्या नोट्स छपाईला अडकलेल्या असतात, कुणाचं पुरवणीचं पान थांबलेलं असतं आणि आमच्याकडे मागण्यांची रांग लागलेली असते.

राजकोषीय तूट म्हणजे काय हे आमच्या ग्राहकांना नव्याने सांगायला नको. संदर्भापुरतं एक वर्ष समोर ठेवू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने खर्च धरला ५०.६५ लाख कोटी रुपये आणि कर्ज सोडून जमा धरली ३४.९६ लाख कोटी. उरलेले १५.६९ लाख कोटी म्हणजे राजकोषीय तूट, जीडीपीच्या ४.४ टक्के. एवढी सोपी वजाबाकी, पण तिची उत्तरं एकाच वर्षासाठी तीन-तीन असतात.

खरा घोळ रकान्यांचा

सरकार एकाच वर्षाचा आकडा तीनदा सांगतं. वर्ष सुरू होण्याआधी अर्थसंकल्पीय अंदाज, वर्ष संपत आलं की सुधारित अंदाज आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, हिशेब लागल्यावर, प्रत्यक्ष. २०१९-२० घ्या. अंदाज ३.३ टक्के, सुधारित ३.८, प्रत्यक्ष ४.६. वर ज्यांची तक्रार दिली आहे त्यांच्या हातात पहिला आणि तिसरा आकडा होता. दोन्ही आमचेच, दोन्ही बरोबर.

फेब्रुवारी २०२१ च्या 'अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात' या कागदावर चार रकाने शेजारी शेजारी आहेत. २०१९-२० प्रत्यक्ष ४.६, २०२०-२१ अर्थसंकल्पीय ३.५, २०२०-२१ सुधारित ९.५ आणि २०२१-२२ अर्थसंकल्पीय ६.८. आता दुसरा आणि चौथा रकाना उचलला तर मथळा होतो 'तूट जवळपास दुप्पट'. तिसरा आणि चौथा उचलला तर 'तुटीत मोठी घट'. कागद तोच, दिवस तोच. वर्षभराने २०२०-२१ चा प्रत्यक्ष आकडा ९.२ आला, तेव्हा दोन्ही मथळेवाल्यांनी आपापले आलेख पुन्हा काढले.

आमचं मत विचाराल तर अंदाजाची तुलना अंदाजाशी करावी आणि प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशी. पाच-दहा वर्षांचा आलेख हवा असेल तर सगळी वर्षं प्रत्यक्षाची घ्यायची आणि ज्या शेवटच्या एक-दोन वर्षांचे प्रत्यक्ष आकडे आलेले नाहीत तिथे रेघ तुटक काढायची. आम्ही तसंच करतो. "ती तुटक रेघ काढून टाका, वाईट दिसते" अशी विनंती वरचेवर येते. ती आम्ही मान्य करत नाही, याबद्दल कृपया राग नसावा.

सुधारित अंदाजावर फार भिस्त ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. २०१७ पासून केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, त्याआधी तो फेब्रुवारीच्या अखेरीस यायचा. म्हणजे सुधारित अंदाज बांधताना हाताशी येणारे प्रत्यक्ष महिने आणखी कमी झाले. मार्चमधली करवसुली आणि मार्चमधली खर्चाची धांदल, दोन्ही त्यात अंदाजानेच धरलेली असतात.

निवडणुकीच्या वर्षी आणखी एक गुंता. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात २०२४-२५ ची तूट ५.१ टक्के होती, २३ जुलैच्या पूर्ण अर्थसंकल्पात ती ४.९ झाली. दोन्हींना लोक 'अर्थसंकल्पीय अंदाज' म्हणतात. आम्ही पूर्ण अर्थसंकल्पाचा आकडा धरतो आणि अंतरिमचा तळटिपेत देतो. तळटीप वाचत चला, त्यासाठीच ती बारीक टाइपात का होईना पण आहे.

'तूट ११२ टक्क्यांवर'

दर महिनाअखेरीस केंद्राचा हिशेब ठेवणाऱ्या महालेखानियंत्रकांचे मासिक आकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फोन येतात. त्यातली टक्केवारी जीडीपीची नसते. वर्षभराची जी तूट अर्थसंकल्पात धरली आहे, तिच्यातली किती आतापर्यंत झाली, हे ती सांगते. नोव्हेंबर २०१७ अखेर हा आकडा ११२ टक्के झाला होता, म्हणजे आठ महिन्यांतच वर्षाची ठरलेली तूट ओलांडली. बातमी गंभीर होतीच. पण त्या संपूर्ण वर्षाची प्रत्यक्ष तूट जीडीपीच्या ३.५ टक्के भरली, अंदाज ३.२ चा होता. सरकारचा खर्च वर्षभर चालू असतो आणि कराचे मोठे हप्ते ठरावीक महिन्यांत येतात, त्यामुळे मधल्या महिन्यांत ही टक्केवारी फुगलेली दिसते. मासिक आकडे आमच्या वार्षिक तक्त्यांत आम्ही मिसळत नाही. त्यांचा वेगळा तक्ता आहे, हवा असेल तर वेगळा मागा.

कुठली तूट?

महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. एकाच दिवशी एका पेपरात पहिला आकडा मथळ्यात आणि दुसऱ्या पेपरात दुसरा. पहिला सांगतो की पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं असा रोजचा खर्चसुद्धा उत्पन्नातून भागत नाही. दुसऱ्यात रस्ते-धरणांसारखा भांडवली खर्चही येतो. मागणीत नुसतं 'तूट' लिहिलंत तर आम्ही राजकोषीय धरतो.

केंद्राच्या बाबतीत प्राथमिक तूटही, म्हणजे व्याज वगळून उरणारी तूट, जरूर पाहा, तिची मागणी फार कमी येते. १५.६९ लाख कोटींतून व्याजाचे १२.७६ लाख कोटी वजा केले की उरतात २.९३ लाख कोटी. म्हणजे २०२५-२६ च्या तुटीतला मोठा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाने आलेला आहे. केंद्राच्या महसुली जमेतल्या दर शंभर रुपयांतले सुमारे सदतीस या व्याजात जातात. दीर्घ मुदतीच्या वित्तीय शिस्तीवर लेख लिहिणाऱ्यांनी फक्त एकच आकडा घ्यायचा असेल तर आम्ही हा घ्या म्हणू. ४.४ च्या आकड्यात एवढं दिसत नाही.

कर्ज आणि तूट यांची बेरीज-वजाबाकी

"यंदाच्या कर्जातून गेल्या वर्षीचं कर्ज वजा केलं, तर तुमची तूट येत नाही." बरोबर, नेमकी येणार नाही. तूट एका वर्षाची असते, कर्ज साठत आलेलं असतं आणि कर्जात तुटीच्या बाहेरूनही भर पडते. २००५ नंतरच्या काही वर्षांत तेल कंपन्यांना अनुदानाऐवजी रोखे दिले गेले. रोख पैसा गेला नाही म्हणून ते त्या वर्षांच्या तुटीत आले नाहीत, पण देणं झालं म्हणून कर्जात आले. विदेशी कर्जाचं मूल्य जुन्या विनिमय दराने धरायचं की आजच्या, यावरही एकूण आकडा बदलतो. अर्थसंकल्पाच्या कागदांत दोन्ही दिलेले असतात.

उलट बाजूही आहे. २०२०-२१ ची तूट एवढी फुगली ती महसूल आटला आणि साथीतला खर्च वाढला म्हणून, पण तेवढ्यानेच नाही. अन्न महामंडळाला द्यायचं अनुदान आधी काही वर्षं अल्पबचत निधीतून महामंडळाला कर्ज देऊन भागवलं जात होतं. ते देणं तेव्हा अर्थसंकल्पात उघडपणे आणलं गेलं. अन्न अनुदानाचा अंदाज १.१५ लाख कोटींचा होता, सुधारित आकडा ४.२२ लाख कोटींच्या पुढे गेला. त्यात मोफत धान्यही होतं आणि जुनी थकबाकीही. त्या वर्षाचा तक्ता मागणाऱ्यांना आम्ही यावर एक परिच्छेद न मागता देतो, कारण त्याशिवाय आलेखातला तो सुळका समजत नाही. आणि खरं सांगायचं तर, तूट वाढलेली दिसली तरी ते वर्ष हिशेबाच्या दृष्टीने आधीच्या काही वर्षांपेक्षा स्वच्छ होतं.

केंद्र आणि राज्यांच्या कर्जांची बेरीज स्वतः करू नका. केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जं देतं, २०२५-२६ साठी त्यात दीड लाख कोटींची तरतूद होती. सरळ बेरीज केली की ही रक्कम दोनदा मोजली जाते. एकत्रित तक्ता आमच्याकडे तयार असतो.

'माणशी कर्ज' किती, हा तक्ताही मागितला जातो. करून देतो, पण सोबत टीप जाते की केंद्राचं बहुतांश कर्ज देशातच, बँका, विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधींकडे आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज म्हणून आपण दाखवतो त्याचीच बचत दुसऱ्या बाजूला रोख्यांत असते. टीप नको असेल तर तक्ताही आमच्याकडून घेऊ नये.

उद्दिष्टांबद्दल थोडं

तूट आणि कर्जाला मर्यादा घालणारा एफआरबीएम कायदा २००३ चा. २००७-०८ मध्ये तूट २.५ टक्क्यांपर्यंत आलीही होती. पुढच्या वर्षीचा अंदाजही २.५ चाच होता, प्रत्यक्षात ६ टक्के झाली. २०१८ च्या दुरुस्तीने केंद्राचं कर्ज २०२४-२५ पर्यंत जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्या वर्षी ते ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. आता नवं उद्दिष्ट ३१ मार्च २०३१ पर्यंत सुमारे ५० टक्के, एक टक्का इकडेतिकडे. त्यामुळे 'उद्दिष्ट पूर्ण झालं का?' असा प्रश्न पाठवताना कुठल्या सालचं उद्दिष्ट तेही लिहा. २०२०-२१ मध्ये ६१ टक्क्यांच्या पुढे गेलेलं हे प्रमाण नंतर खाली आलं, रुपयांतलं कर्ज मात्र दरवर्षी वाढतच राहिलं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. जीडीपीच्या मालिकेत सुधारणा झाली की रुपयांतला आकडा न हलता टक्के बदलतात, तेव्हा दशांशाच्या फरकावरून आम्हाला फोन करण्याआधी तक्त्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा.

मागणी कशी पाठवायची

केंद्र, राज्य की एकत्रित. कुठली तूट, की कर्ज. रुपयांत की टक्क्यांत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुठला रकाना. हे चार मुद्दे एका ओळीत आले तर साधा तक्ता त्याच दिवशी मिळतो. अर्थसंकल्पाच्या दिवशी मात्र फोनवर आकडे सांगत नाही. भाषणात ऐकलेला आकडा कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही बाहेर देत नाही आणि तेवढा उशीर ज्यांना चालत नाही त्यांनी त्या दिवशी टीव्ही लावावा. वर्षाची वर्गणी भरलेल्यांना सुधारित तक्ता वेगळा मागावा लागत नाही. प्रत्यक्ष आकडे आले की जुना आणि नवा तक्ता एकत्र पाठवतो, बदललेला रकाना पिवळा करून.