तिरकिटची जुडी आणि ‘परत पहिल्यापासून’

आमच्या घरात गेले तीन आठवडे तबल्याचा एकच कायदा (म्हणजे सरावाची ठरलेली बोलांची रचना) वाजतोय. धाती धागे नधा तिरकिट, धाती धागे तिना किना. खालच्या मजल्यावरच्या आजींना तो आता पाठ झालाय, लिफ्टमध्ये भेटल्या की त्याच म्हणून दाखवतात. ज्याला यायला हवा तो आमचा चौथीतला मुलगा मात्र ‘नधा तिरकिट’ला आला की अडतो, मग एक सुस्कारा, आणि परत धाती धागे. पहिले चार बोल आता इतके सुंदर वाजतात की विचारू नका, कारण ते दिवसातून साठ वेळा वाजतात, आणि तिरकिट जिथल्या तिथे.

त्यात मागच्या आठवड्यात एका क्लासची जाहिरात सोसायटीच्या ग्रुपवर आली, की वाद्य शिकल्याने मेंदूच्या दोन्ही बाजू अॅक्टिव्ह होतात, गणित सुधारतं, आयक्यू वाढतो, आणि पहिल्या वीस मुलांना डिस्काउंट. दोन्ही बाजू अॅक्टिव्ह व्हायला तबला कशाला लागतो, शर्टाची बटणं लावताना पण होतात. म्हटलं यावर लिहायचंच.

आयक्यूचं आधी उरकून टाकते. ही सगळी हवा सुरू झाली १९९३ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटासा पेपर छापला, ३६ कॉलेजच्या मुलांना मोझार्टचा दोन पियानोंचा एक सोनाटा १० मिनिटं ऐकवला, मग कागदाच्या घड्या-आकृत्या असल्या टाइपची कोडी घातली, तर मार्क थोडे बरे आले. फायदा टिकला १० ते १५ मिनिटं. बाळं नव्हती, शिकणं नव्हतं, नुसतं ऐकणं होतं. पण बातमी पसरत गेली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने जन्मलेल्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले! नंतर बाकीच्यांनी तपासलं तेव्हा कळलं की माणूस जरा तरतरीत आणि खुशीत असला की असली कोडी बरी सुटतात, मग ते मोझार्टने होवो नाहीतर अजून कशाने. प्रत्यक्ष शिकण्यावरचा चांगला प्रयोग कॅनडात झाला, २००४ मध्ये छापून आला, सहा वर्षांची १४४ मुलं, काहींना गाणं, काहींना कीबोर्ड, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. संगीतवाल्यांचा आयक्यू बाकीच्यांपेक्षा साधारण पावणेतीन पॉइंट जास्त वाढला. पावणेतीन. आणि २०२० मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर जे नीट कंट्रोल ठेवून, म्हणजे तुलनेला दुसरं काही शिकणारा गट घेऊन केलेले होते त्यात फरक जवळपास शून्यच निघाला.

तर मार्कांसाठी तबला लावला असेल तर त्या पैशात गणिताचीच शिकवणी लावा. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला लावणारे ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’वाले अजून अधूनमधून उगवतात, त्यांच्याबद्दल एकच, नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसतं, घरी ओढणी बांधून बघा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तिरकिट का अडतं?

या कायद्यात तिरकिट बाकीच्या बोलांच्या दुप्पट वेगात येतं. धा, ती, धा, गे यांना जेवढी जागा तेवढ्याच जागेत ‘तिर’, तेवढ्यातच ‘किट’. समजा मिनिटाला १२० मात्रांची (ठोक्यांची) लय आहे आणि एका मात्रेत दोन बोल. म्हणजे मात्रा ५०० मिलिसेकंदांची, एक बोल २५० चा, आणि तिरकिटमधला एकेक आघात १२५ मिलिसेकंदांचा. लहान मुलाला एवढी लय कोणी देत नाही पण हिशोबाला धरू.

आता दुसरा आकडा. बोट चामड्याला लागलं, त्याची खबर मेंदूत गेली, मेंदूने ठरवलं की चुकलं, आणि दुरुस्तीचा हुकूम परत बोटापर्यंत आला, याला किती वेळ? मोठ्या माणसाच्या जलद नसांमधून संदेश सेकंदाला ५०-६० मीटर धावतो. डोक्यापासून बोटापर्यंत धरा एक मीटर, म्हणजे जायला २० मिलिसेकंद, यायला २०, मधे मेंदूचं स्वतःचं कामकाज आहे, ते सगळ्यात जास्त खातं. सगळं मिळून दीडशेच्या आसपास. म्हणजे ‘ति’ कसा लागला हे कळून त्यावर काही करेपर्यंत ‘र’ वाजून गेलेला असतो आणि हात ‘कि’वर असतो. मेंदूला ‘ति’ वाजव, झालं का, बरं, आता ‘र’ वाजव, असं काम करताच येत नाही. वेळच नाही!

ही गोष्ट कार्ल लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये मांडली होती. तेव्हाची समजूत अशी की एक हालचाल झाली की तिच्या जाणिवेने पुढची सुरू होते, साखळीसारखं. लॅशली म्हणाला पियानोवाल्याची बोटं काही जागी सेकंदाला १६ वेळा पडतात, एवढ्या वेगात मागच्या बोटाची जाणीव परत येऊन पुढच्याला ढकलणं शक्य नाही, तेव्हा सगळा क्रम आधीच तयार असला पाहिजे. म्हणजे वाजवताना मेंदू चार हुकूम सोडत नाही, एकच सोडतो, ‘तिरकिट’, आणि त्याच्या पोटात चार हालचाली आधीपासून बांधलेल्या असतात, तीन उजव्या हाताच्या आणि मधली ‘कि’ डाव्याची. इंग्रजीत याला चंक म्हणतात. मला आपला कोथिंबिरीच्या जुडीचा शब्द आवडतो. भाजीवाली काड्या मोजून देत नाही, जुडी देते.

आणि इथे आपल्या तबल्याच्या जुन्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. पढंत! बोल आधी तोंडाने म्हणायचे, टाळी देत, मग हाताने. बऱ्याच पालकांना वाटतं सर टाइमपास करतायत, तबला शिकायला पाठवलाय आणि हा नुसता बडबडून परत येतो. पण ‘तिरकिट’ हा तोंडात एकच शब्द आहे ना, आपण ‘कोथिंबीर’ म्हणताना अक्षरं जोडत बसत नाही. जुडी आधी जिभेवर बांधून होते, हाताला फक्त ती उचलायची.

आता जुडी बांधतो कोण. मेंदूत खोल आत बेसल गँग्लिया म्हणून पेशींचे गठ्ठे आहेत, पार्किन्सनमध्ये बिघडतात ते. त्यातला एक भाग म्हणजे स्ट्रायटम. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात अॅन ग्रेबिएल यांच्या लॅबमध्ये उंदरांना इंग्रजी टी आकाराच्या बोळात पळवलं, शेवटी डावीकडे की उजवीकडे वळायचं हे आवाजावरून ठरवायचं, आणि बरोबर वळलं की खाऊ. पहिल्या दिवसांत स्ट्रायटममधल्या पेशी पूर्ण वाटभर कडकडत होत्या. सवय झाली तसं मधलं शांत झालं आणि पेशी जोरात पेटायला लागल्या त्या फक्त दोन ठिकाणी, सुरुवातीला आणि शेवटी. जुडीला दोन्ही टोकांना रबरबँड. मधे लक्ष द्यायची गरज संपली. (हे स्ट्रायटम आणि मेंदूचे बाकीचे भाग यांच्यात जी गोल फिरणारी सर्किटं आहेत ती मला इथे काढून दाखवायची फार इच्छा होतेय पण नवरा म्हणाला इथेच लोक बंद करतील.)

यावरून माझा एक अंदाज, प्रयोग नाही, फक्त अंदाज. मुलं अडली की परत पहिल्यापासून का सुरू करतात? कारण जुडीला धरायची जागा तिच्या टोकालाच असते. मधून ‘नधा’पासून सुरू कर म्हटलं की बिचारा गोंधळतो, जसं तुम्हाला मला मनाच्या श्लोकातली तिसरी ओळ विचारली तर पहिली दोन मनात म्हणावी लागतात. आणि आपण पालक शेजारच्या खोलीतून ओरडतो काय, तर “परत पहिल्यापासून!” म्हणजे येतं तेच अजून पक्कं आणि अडतं ते पण अडण्यासकट पक्कं. कारण जे पुन्हा पुन्हा एकामागून एक येतं ते मेंदू बांधतो, मग ते बरोबर असो नाहीतर चूक. ‘नधा, सुस्कारा, धाती’ अशी पण जुडी होते. सडकी काडी आत ठेवून रबर लावल्यासारखं.

टेक्सासमध्ये रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक छान अभ्यास छापला. पियानो शिकणारे १७ जण, सगळे चांगले पुढच्या पातळीचे. शोस्टाकोविच या रशियन संगीतकाराच्या रचनेतला एक छोटा अवघड तुकडा दिला, बसवा म्हणाले, हवा तेवढा वेळ घ्या. दुसऱ्या दिवशी वाजवून घेतलं आणि नंबर लावले. मग रेकॉर्डिंग बघितलं की वरच्या नंबरवाल्यांनी वेगळं काय केलं. जास्त वेळ बसले? नाही. जास्त वेळा वाजवलं? ते पण नाही. फरक पडला तो चुकीशी कसं वागले त्याने. ते चूक नेमकी कुठे होते ते शोधत होते, तिथे लय एकदम उतरवत होते, तेवढीच जागा बरोबर येईपर्यंत घोटत होते, आणि एकच चूक पुन्हा पुन्हा होऊ देत नव्हते. बस.

म्हणून आमच्याकडे आता नियम असा, अडलं की पहिल्यापासून नाही. ‘नधा तिरकिट’ एवढंच, इतक्या हळू की चुकताच येऊ नये, मग त्याला पुढचा धाती चिकटवायचा, मग मागचा धागे. ठाय, म्हणजे एकदम संथ लयीत मुलांना भयंकर बोअर होतं, खरंय. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, शेजारी बसून टाळी देते एवढंच, ती पण मधेच चुकते आणि त्याला फार आनंद होतो.

आता किती वेळ. आमच्या ओळखीत एकजण मुलीला रविवारी सलग दोन तास पेटीवर बसवतात कारण आठवडाभर शाळा. इंग्लंडमध्ये १९७८ साली छापलेला एक अभ्यास आहे पोस्टातल्या लोकांवर, त्यांना टायपिंग शिकवायचं होतं. काहींना दिवसाला एक तास दिला, काहींना दोन, काहींना चार. रोज एकच तास करणारे एकूण सगळ्यात कमी तासांत शिकले, आणि गंमत म्हणजे सगळ्यात नाखूशही तेच होते, कारण दिवस जास्त लागले ना. रोजची पंधरा मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा बरी ती यामुळे, आणि त्यामुळेच ती कोणाला पटत नाहीत.

मधल्या वेळात, मुख्य म्हणजे झोपेत, काम चालू असतं. २००२ मध्ये हार्वर्डमध्ये मोठ्या माणसांना चार बटणांवर ४-१-३-२-४ हा क्रम भराभर दाबायला शिकवलं. बारा तास जागे राहिलेल्यांचा वेग फारसा वाढला नाही, रात्री झोपून आलेल्यांचा साधारण २० टक्के वाढला, एकदाही हात न लावता. लहान मुलांमध्ये हा परिणाम इतका साफ दिसत नाही, काही प्रयोगांत तर दिसलाच नाही, तेव्हा झोपेत तबला येतो असा फॉरवर्ड कृपया करू नका. पण झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नाही एवढं तरी कुठल्याही आईला माहीत आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते.

आणि इथेच आमचा शाळेचा प्रश्न येतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊला किंवा त्यानंतरच भरवायला सांगितल्या, ते फार बरं झालं. पण जूनपासून हा पाचवीत. एक शाळा बघितली, म्युझिक रूम आहे, कीबोर्डांची रांग, दहा-बारा तबले, भिंतीवर वाद्यांची चित्रं, मी तर हरखूनच गेले. आठवड्यात संगीताचा तास एक. बस सकाळी सहा चाळीसला, घरी यायला तीन. दुसरी शाळा घरापासून चालत दहा मिनिटं, तिथे संगीताच्या नावाने एक जुनी पेटी आहे आणि तिचा भाता फाटलाय. मी दुसरीच्या बाजूने आहे. आठवड्याला एक तास भारी तबल्यावर मिळण्यापेक्षा रोज संध्याकाळी न पेंगणारं मूल मिळालेलं मला चालेल. सासूबाईंना पहिली आवडली आहे, चर्चा चालू आहे.

पुढचं आत्तापासून विचारणारे पण भेटतात, की दहावीत याचे मार्क मिळतात का. मिळतात, राज्य मंडळ शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना सवलतीचे गुण देतं, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे परीक्षा लोक त्यासाठी पण देतात. सीबीएसईला अकरावी-बारावीत हिंदुस्थानी संगीत हा अख्खा विषयच घेता येतो, तबला धरून, फक्त शाळेने तो ठेवलेला पाहिजे. पण परीक्षेसाठी मुलं तेच सहा कायदे वर्षभर घासतात आणि आठवीत क्लास सुटतो, हे पण बघते.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी क्लॅरिनेट शिकणाऱ्या एका मुलीचा घरचा सराव व्हिडिओवर टिपला होता. टीचरने दिलेल्या धुनांवर ती एका सुराला सरासरी एक सेकंदसुद्धा देत नव्हती, वाजवलं, चुकलं, पुढे. मग तिला स्वतःला हवी असलेली एक धून मिळाली, तर त्यावर दहापटीहून जास्त वेळ, मधेच थांबून, बोटं नुसती हलवून बघून, तोंडाने म्हणून. म्हणजे ड्यूकच्या वरच्या नंबरवाल्यांसारखंच, कोणी न शिकवता.

हे वाचलं त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की त्यांना कायदा नको, गणपतीत चौकात ऐकलेला ताशाचा तुकडा तबल्यावर बसवायचाय. चाळीस मिनिटं बसला, न उठता, पाणी प्यायला पण नाही. मी घाबरतच सरांना फोन केला, म्हटलं सर, हे असलं चालेल का. ते म्हणाले, “चालेल की. पण त्याला म्हणावं आधी तोंडाने म्हणून दाखव.”