नीलम आणि अप्सरा

परवा पुतण्या कार्टून बघत होता, त्यात अणुभट्टीतून हिरवंगार चमकणारं काहीतरी गळत होतं. म्हटलं अरे, निदान रंग तरी बरोबर दाखवा! (पूर्वी घड्याळाच्या काट्यांना रेडियमचा रंग असायचा, पण तो हिरवा उजेड त्यातल्या झिंक सल्फाइडचा, रेडियमचा नव्हे. हे खूळ तिथूनच आलं असावं.)

अणुभट्टीतल्या उजेडाचा खरा रंग निळा. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला. हिरोशिमाला जेमतेम १० वर्षं झालेली, अणू म्हटलं की बॉम्बच आठवायचा, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी अणुशक्तीच्या शांततामय वापरावर परिषद भरवली, अध्यक्ष आपले होमी भाभा. तिथे अमेरिकनांनी चक्क एक चालती अणुभट्टी विमानाने आणून पाण्याच्या खोल टाकीत बसवली, काठावरून खुशाल वाकून बघा, मधलं पाणीच किरणोत्सार अडवतं. प्रचारच होता, पण असला प्रचार मला चालतो.

आता निळा का? प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही हे शाळेत घोकलेलं असतं, पण ते निर्वात पोकळीतल्या प्रकाशाबद्दल. पाण्यात तो सेकंदाला ३ लाखावरून सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. इंधनातले गॅमा किरण पाण्यातल्या इलेक्ट्रॉनला असा दणका देतात की तो तिथल्या प्रकाशाच्याही पुढे पळतो. जाता जाता आजूबाजूच्या रेणूंमधला विद्युतभार जरा खेचला जातो, तो जागेवर येताना बारीकशी प्रकाशलहर सोडतो. एरवी या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात, पण इलेक्ट्रॉन पुढे निघून गेला की त्या एकावर एक चढतात, जोरात गेलेल्या होडीमागे तिरकी लाट उठते ना, तसंच. तरंगलांबी जितकी कमी तितके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जास्त, म्हणून निळा. हा चेरेंकॉव्ह प्रकाश, त्याच्या शोधाला १९५८ चं नोबेल मिळालं.

भाभांनी त्याच परिषदेत सांगितलं होतं की दोन दशकांत फ्यूजन (अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणं) काबूत येईल. सत्तर वर्षं होऊन गेली, त्यामुळे 'आता आलंच' छाप बातम्या मी जरा शंका ठेवूनच वाचतो, भाभांबद्दल कितीही आदर असला तरी.

ती भट्टी पुढे स्वित्झर्लंडनेच विकत घेतली, नाव ठेवलं सफीर, म्हणजे नीलम. शनीसाठी अंगठीत घालतात तो नव्हे, हा खरंच काम करायचा. आणि वर्षभरात, ऑगस्ट १९५६ ला, ट्रॉम्बेला आपलीही तशीच टाकीतली भट्टी सुरू झाली. तो निळा उजेड बघून नेहरूंनी तिला नाव दिलं अप्सरा.