मुंग्यांचं वाळवण

खाण्याच्या वस्तू उचलून मुंग्यांची लांबलचक रांग चालली आहे. वरून एक वाळकं पान गिरक्या घेत येतं आणि नेमकं रांगेवर पडतं. पुढची मुंगी दिसेनाशी होते. पानाच्या अलीकडची मुंगी जागीच थिजते, मागे सगळी खोळंबलेली, हरवलो म्हणून आरडाओरडा. मग एक जाणती मुंगी धावत येते, धीर देते आणि सगळ्यांना पानाला वळसा घालून पलीकडे नेते.

पिक्सारच्या 'अ बग्ज लाइफ'ची ही सुरुवात. चित्रपट 1998 सालचा, 'टॉय स्टोरी'नंतरचा त्यांचा दुसरा. परवा भाचीबरोबर तो पुन्हा पाहिला. ती आठ वर्षांची आहे आणि या पानापाशीच तिने विचारलं, "मावशी, खऱ्या मुंग्या अशा हरवतात?"

हरवतात, आणि ते घरातही दिसतं. ओट्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली की ओलं बोट तिच्यावरून एकदा आडवं फिरवा. बोटाच्या रेघेपाशी आलेली मुंगी थबकते. मिशा जमिनीला टेकवत डावीउजवीकडे चाचपते, मागे वळते, मागून येणारीला धडकते. दोन्ही बाजूंना गर्दी होते. अर्ध्या-एक मिनिटात एखादी मुंगी भटकत भटकत रेघ ओलांडते, तिच्या मागे दुसरी, आणि रांग पुन्हा सुरू. मुंगी पुढचीच्या पाठीकडे बघून चालत नाही. ती जमिनीवरचा वास हुंगत चालते. खाणं सापडलेली मुंगी घरी परतताना पोट टेकवत वासाचे सूक्ष्म ठिपके सोडत येते, मागच्या त्यात भर घालतात. आपण बोटाने पुसला तो हा वास.

चित्रपटातली जाणती मुंगी मात्र खऱ्या वारुळात नसते. वाट कुणीच दाखवत नाही. 1989 मध्ये ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी अर्जेंटिनी मुंग्यांच्या घरट्यापासून खाण्यापर्यंत दोन फाट्यांचा पूल ठेवला. एक फाटा आखूड, दुसरा लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडून गेल्या. पण आखूड वाटेने गेलेल्या लवकर परतल्या, त्यामुळे त्या वाटेवर वास आधी साचला, म्हणून पुढच्या मुंग्या तिकडे वळल्या, म्हणून वास आणखी वाढला. काही मिनिटांत बहुतेक सगळी वर्दळ आखूड फाट्यावर आली. पुलाची लांबी एकाही मुंगीने मोजलेली नव्हती. मला हे चित्रपटातल्या धीराच्या शब्दांपेक्षा कितीतरी मोठं नवल वाटतं. 1992 मध्ये संगणकशास्त्रज्ञ मार्को डोरिगो यांनी हीच रीत संगणकाला शिकवली आणि मार्ग ठरवण्याची किचकट गणितं आज तिच्या आधारे सोडवली जातात.

हा चित्रपट करताना त्या मंडळींनी एक इवलासा व्हिडिओ कॅमेरा लेगोच्या चाकांवर बसवला आणि तो गवतातून, झुडपांच्या बुडाशी फिरवला. मुंगीच्या उंचीवरून त्यांना पहिल्यांदा जाणवलं ते पानांमधून झिरपणारं ऊन. आपण वरून बघतो तेव्हा पान हिरवं आणि भरीव दिसतं. खालून बघितलं तर तो रंगीत काचेचा मांडव असतो. चित्रपटभर जो हिरवट उजेड पसरलेला दिसतो, तो या निरीक्षणातून आला.

इतकं बारकाईने बघूनही त्यांनी आपल्या मुंग्यांना सहाऐवजी चारच अवयव दिले, दोन हात आणि दोन पाय. चेहऱ्यावर प्रेम जडायला ते सोयीचं असेल, पण त्यात मुंगीची चाल हरवली. मुंगी एका वेळी तीन पाय उचलते: एका बाजूचा पुढचा आणि मागचा, दुसऱ्या बाजूचा मधला. उरलेले तीन पाय तिवईसारखे जमिनीवर टेकलेले असतात. त्यामुळे भिंतीवरही ती डगमगत नाही.

त्याहून मोठी चूक नायकात आहे. फ्लिक हा कामकरी मुंगी आहे आणि तो मुलगा आहे. खऱ्या वारुळात रांगेतल्या, पहाऱ्यावरच्या, पिल्लं सांभाळणाऱ्या सगळ्या मुंग्या मादी असतात, एकमेकींच्या बहिणी. आपण मोठ्या काळ्या मुंगीला मुंगळा म्हणतो आणि लहानपणी तो मुंगीचा नवरा वाटत असतो. पण चावा घेणारा तो मुंगळाही मादीच. नर असतात, पण पंखवाले आणि थोड्या दिवसांचे सोबती. राणी अंडं फलित न करता घालते तेव्हा त्यातून नर होतो, म्हणजे नराला बाप नसतो. मिलनाच्या उड्डाणानंतर तो मरतो. राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख पाडून टाकते आणि बिळात शिरते. अनेक जातींत ती मग काही आठवडे बाहेर येतच नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात, ते तिच्याच अंगात विरघळतात आणि त्यावर ती पहिली पिल्लं वाढवते. एकदा उडायचं आणि ते पंखांचं बळ लेकींना भरवायचं, ही गोष्ट पडद्यावर यायला हवी होती. चित्रपटातली राजकन्या अ‍ॅटा आईच्याच वारुळात मुकुट घालते. खरी राजकन्या बहुधा दूर जाऊन नवं घर मांडते, आणि तिथेही राज्य करत नाही, अंडी घालते.

नर-मादीच्या बाबतीत एक गंमत मात्र अचूक आहे. फ्रान्सिस हा ढालकिडा ठिपक्यांमुळे सगळ्यांना बाई वाटतो आणि तो चिडतो. बरोबरच आहे त्याचं, ढालकिड्यांमध्ये निम्मे नर असतात. आपल्या द्राक्षबागांमध्ये पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस हा मित्रकीटकही त्याच कुळातला.

पाण्याच्या प्रसंगांत चित्रपट फार सुंदर आहे. फ्लिक गवताचं पातं गुंडाळून टोकाला दवाचा थेंब बसवतो आणि दुर्बीण करतो. अळूच्या पानावरच्या थेंबातून पलीकडचं फूल बघा, उलटं आणि चिमुकलं दिसेल. थेंब हे भिंग आहे, पण दूरचं जवळ आणण्यापेक्षा जवळचं मोठं करून दाखवायला ते कामाचं. आणि तो थेंब नळीच्या तोंडाशी चिकटून राहतो, सांडत नाही, हेही खरंच. त्या आकाराला गुरुत्वाकर्षण दुबळं असतं आणि पाण्याचा पृष्ठताण दांडगा.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये हा हिशोब मांडला होता. हे हाल्डेन पुढे भारतात आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. माणूस आंघोळ करून उठतो तेव्हा अंगावर साधारण अर्धा किलो पाणी घेऊन बाहेर येतो. भिजलेल्या उंदराच्या अंगावर त्याच्याच वजनाइतकं पाणी असतं, आणि माशी भिजली तर तिच्या वजनाच्या अनेक पट. म्हणून किड्याला उंच कड्याची भीती नसते, भीती असते ती पाण्याच्या पापुद्र्याची. मुंगी माडावरून पडली तरी चालू लागते, पण चहाच्या सांडलेल्या थेंबात अडकते.

चित्रपटाच्या शेवटी पाऊस येतो आणि थेंब तोफगोळ्यांसारखे आदळतात. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सुमारे 65 मिलिग्रॅमचा असतो आणि सेकंदाला नऊएक मीटर वेगाने येतो. मुंगीचं वजन काही मिलिग्रॅम. जमिनीवर उभ्या मुंगीला तो खरंच जड जाईल. हवेतली गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं की आपल्या वजनाच्या 50 पट थेंब अंगावर आला तरी उडता डास वाचतो. तो इतका हलका असतो की थेंबाला अडवतच नाही. थेंबाबरोबर थोडा खाली जातो आणि बाजूला निसटतो.

आता खलनायक. हॉपर आणि त्याची टोळांची टोळी दरवर्षी येऊन मुंग्यांकडून धान्याचा वाटा वसूल करते. 'टोळधाड' हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मे 2020 मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरच्या शेतकऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली. वाळवंटी टोळ एकटा असतो तेव्हा बुजरा असतो. गर्दीत त्याच्या मागच्या पायांना सतत दुसऱ्यांचे धक्के लागले की दोनएक तासांत त्याचा स्वभाव पालटतो आणि तो कळपात शिरतो. 2009 मध्ये कळलं की यामागे सेरोटोनिन हे मज्जारसायन आहे. मात्र या टोळीला हॉपर नसतो. पंख न फुटलेली पिल्लं लाखोंनी पुढे सरकतात त्याचं एक कारण असं की, जो थांबेल त्याला मागचा चावून खातो.

धान्य साठवणारी मुंगी ही चित्रपटाची मूळ कल्पना, आणि ती इसापाइतकी जुनी. पण युरोपातल्या कीटकतज्ज्ञांचा एके काळी तिच्यावर विश्वास नव्हता. इंग्लंड-फ्रान्सच्या थंड भागात त्यांनी वारुळं उकरून पाहिली, कोठारं सापडली नाहीत. मुंग्या तोंडात धरून नेतात ते पांढरे कोष असतात, जुन्या लोकांना ते दाणे वाटले असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांना उत्तर मिळालं पुण्यातून. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबईच्या फौजेतले अधिकारी दख्खनमधले पक्षी, मासे, किडे टिपत हिंडायचे. चंडोलाच्या एका जातीला त्यांचं नाव आहे. जून 1829 मध्ये सकाळी फिरायला गेले असता परेडच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर त्यांना गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. वीसहून जास्त ढीग, प्रत्येकात मूठभर बी. आपली वरई ज्या पॅनिकम प्रजातीतली, त्याच प्रजातीचं ते गवत. ते वाकून बघायला लागले. शेकडो मुंग्या जमिनीखालून एकेक बी वर आणून टाकत होत्या. पावसाळा लागला होता, कोठारात ओल शिरली होती, आणि उघडीप मिळताच मुंग्यांनी वाळवण घातलं होतं.

ऑक्टोबर 1832 मध्ये परतीच्या वादळी पावसानंतर त्यांना पुन्हा तेच दिसलं. त्यांनी 1835 मध्ये या मुंगीचं नाव जाहीर केलं: अ‍ॅटा प्रोव्हिडेन्स, म्हणजे पुढची तरतूद करणारी. होय, राजकन्येचंच नाव. आज अ‍ॅटा ही प्रजाती अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्यांपुरती राहिली आहे आणि पुण्याची मुंगी फिडोली या प्रजातीत गेली आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ काटकसरी. पुढे 1870च्या दशकात ट्रेहर्न मॉग्रिज यांनी दक्षिण फ्रान्समध्ये वारुळं उघडली, तिथेही भरलेली कोठारं निघाली. मोड येऊ लागलेल्या बियांचे कोंब मुंग्या कुरतडून टाकतात, हेही त्यांनी पाहिलं.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा तिला मैदान बघायचं होतं. त्या मैदानावर नेणं जमलं नाही, पण आमच्या घरामागच्या टेकडीवर गेलो. दोन दिवस पाऊस झाला होता आणि त्या सकाळी ऊन पडलं होतं. ढीग दिसला नाही. पायवाटेच्या कडेला एका बिळाभोवती गवतबियांच्या फोलपटांचं कडं पडलं होतं, बांगडीएवढं. आत सोललेलं बी जातं आणि टरफलं बाहेर टाकली जातात. भाची उकिडवी बसली, बराच वेळ काही बोलली नाही. एक मुंगी स्वतःपेक्षा लांब कुसळ ओढत उलट पावलांनी बिळाकडे येत होती. कुसळ दाराशी आडवं अडकलं. मुंगीने ते सोडलं, फेरी मारली, टोकाकडून धरलं आणि आत घेतलं.