31 सेंटिमीटरमध्ये नेमके काय दिसते?

ऑगस्ट 2014 मध्ये सोडलेला वर्ल्डव्ह्यू-3 हा व्यावसायिक उपग्रह 617 किलोमीटर उंचीवरून जी प्रतिमा घेतो, तिचा एक पिक्सेल जमिनीवर 31 सेंटिमीटरचा असतो. म्हणून 31 सेंटिमीटरची कुठलीही वस्तू ओळखता येईल, असा अनेकांचा समज होतो. तसे नसते. साधी मोटार साधारण 14 बाय 6 पिक्सेलांत मावते. ती मोटार आहे एवढे कळते, नंबरप्लेट वाचता येत नाही. उपग्रहाच्या दुर्बिणीचा आरसा 1.1 मीटर व्यासाचा आहे. एवढ्या आरशातून त्या उंचीवरून हिरव्या प्रकाशात दोन ठिपके वेगळे दिसण्याची सैद्धांतिक मर्यादाच सुमारे 37 सेंटिमीटर येते.

शिवाय उपग्रहाखालून जमीन सेकंदाला जवळपास 7 किलोमीटर वेगाने सरकते. एका पिक्सेलच्या वाट्याला 45 मायक्रोसेकंद येतात, तेवढ्यात पुरेसा प्रकाश जमत नाही. म्हणून सेन्सरच्या अनेक ओळी एकामागून एक तोच पट्टा पाहतात आणि जमलेला विद्युतभार प्रतिमेच्या वेगानेच पुढच्या ओळीत ढकलला जातो. हा मेळ जरा चुकला की प्रतिमा फरकटते.

31 सेंटिमीटरची मूळ प्रतिमा कृष्णधवल असते. रंगीत पिक्सेल 1.24 मीटरचा, म्हणजे एका रंगीत पिक्सेलमध्ये 16 कृष्णधवल पिक्सेल बसतात. दोन्ही एकत्र करून चित्र रंगवले जाते. पण त्या नोंदींमध्ये क्षणभराचे अंतर असते. ते 0.2 सेकंद धरले, तरी ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात 3 मीटरहून अधिक पुढे जाते आणि तिच्याशेजारी रंगीत डाग उमटतो. तो दोष नव्हे. गाडी चालती होती याचा तो पुरावा आहे.

सगळ्यात जास्त घोळ कोनामुळे होतो. कॅमेरा 30 अंश तिरका असेल, तर 30 मीटर उंच इमारतीचे छत जागेपासून सुमारे 20 मीटर सरकलेले दिसते. जमिनीच्या उंचीचा नकाशा वापरून केलेली दुरुस्ती जमीन जागेवर आणते, पण त्या नकाशात इमारतींची उंची नसल्याने छत सरकलेलेच राहते. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या दोन तारखांच्या प्रतिमा तुलनेला घेतल्या, तर न झालेले बांधकामही ‘सापडते’. म्हणून मोजमाप छतावरून नव्हे, जोत्यावरून करावे आणि दाट वस्तीसाठी मागणी नोंदवतानाच कोनाची कमाल मर्यादा कमी ठेवावी. ढगांची टक्केवारीही आपल्या हद्दीपुरती मागावी. संपूर्ण चित्रात 15 टक्के ढग चालतील असे मान्य केले आणि ते नेमके आपल्याच सर्व्हे नंबरवर आले, तर तक्रारीला जागा उरत नाही.