ॲम्प्लिफायर बदलण्याआधी सोफा हलवून पाहा

चवथ जवळ आली की पणजी-मडगावच्या दुकानांबाहेर म्युझिक सिस्टमच्या सवलतींचे फलक लागतात आणि त्यांवर सर्वांत ठळक छापलेला असतो तो वॅटचा आकडा. घरची जुनी स्टिरिओ बदलावी का, या विचारात असलेला माणूस साहजिकच त्या आकड्याकडे ओढला जातो. वास्तविक ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा ॲम्प्लिफायर आणला, तर आवाजाची पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. शिवाय बहुतेकांची तक्रार आवाज कमी असल्याची नसतेच. डग्गा नुसता घुमतो किंवा अजिबात ऐकू येत नाही, अशी ती असते आणि तिचे मूळ बहुधा खोलीत असते.

समोरासमोरच्या दोन पक्क्या भिंतींत ५ मीटर अंतर आहे असे धरू. ३० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो, म्हणजे ७० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी बरोबर ५ मीटर भरते. भिंतीवर आदळून परतणारा तरंग येणाऱ्या तरंगात मिसळतो आणि खोलीत स्थिर तरंग तयार होतो. भिंतीलगतच्या हवेला पुढे सरकायला जागाच नसल्यामुळे तेथे दाबाचा चढउतार सर्वाधिक होतो. खोलीच्या मध्यावरही तो तितकाच असतो. मात्र दोन्ही भिंतींपासून सव्वा मीटरवर येणाऱ्या आणि परतणाऱ्या तरंगांचे दाब सतत परस्परविरुद्ध राहून एकमेकांना नाहीसे करतात. कान टिपतो तो दाबातला बदल, त्यामुळे तेथे बसलेल्याला हा स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. ॲम्प्लिफायरची शक्ती वाढवूनही तेथे काही साधत नाही, कारण येणारा तरंग जितका मोठा, तितकाच त्याला खोडणारा परतीचा तरंगही मोठा होतो. ३५ हर्ट्झला खोलीत अर्धीच तरंगलांबी मावते, तेव्हा ही पोकळी नेमकी खोलीच्या मध्यावर येते. रुंदीचे आणि उंचीचे असेच आपापले स्वर असतात. खोली चौरस असली की लांबीचे आणि रुंदीचे स्वर एकच होतात आणि घुमणे आणखी बळावते.

याची प्रचीती विनाखर्च घेता येते. मोबाइलवरील ॲपमधून ७० हर्ट्झचा अखंड स्वर बेताच्या आवाजात स्टिरिओवर लावावा (मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरला तो झेपत नाही) आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जावे. स्वर मध्येच विरतो आणि दोन पावलांवर पुन्हा उसळतो. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये हा फरक ठसठशीत जाणवतो. जुन्या कौलारू घरात खर्जाचा बराच भाग कौलांतून बाहेर निसटत असल्याने तो सौम्य असतो.

भिंतीला चिकटवायच्या पातळ फोमने तार स्वरांचा प्रतिध्वनी कमी होतो, पण ७० हर्ट्झला आवर घालायचा तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास हवी. हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ केबलला तर मी गंडेदोऱ्यांच्याच पंक्तीत बसवतो: घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर अंतरासाठी वापरली, तर ८ ओहमच्या स्पीकरवर पडणारी तूट डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी असते.

तेव्हा आधी सोफा आणि स्पीकर अर्धा-अर्धा मीटर सरकवून ऐकावे. त्यानंतरही खर्ज फाटका वाटला, तर स्पीकरची जाळी काढून शंकूभोवतीची कडा पाहावी. ती फोमची असेल, तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळू लागते. रबरी कडा अधिक टिकते, आणि फाटलेली कडा स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर बदलूनही देतात. शंकू आणि कॉइल शाबूत असतील, तर नवा स्पीकर घेण्याचे कारण उरत नाही.